नावातला राजा

पुण्याच्या बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालयाचे नाव ऐकले की, आमच्यासारख्या संस्थानी गावात वाढलेल्या माणसाचा सहज एक ग्रह होतो. हे कोणा संस्थानिकाचे जवाहिरखाने असावेत, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. या नावात राजा आहे खरा, परंतु तो गादीवरचा नव्हे. दिनकर गंगाधर केळकर या चष्म्याचे दुकान चालविणाऱ्या मध्यमवर्गीय गृहस्थाचा तो मुलगा. तो बालवयातच गेला. त्याच्या बापाने पुढे आयुष्यभर जे जे जमविले, त्या सर्वावर या मुलाचे नाव घातले. संस्थानिकांच्या संग्रहांना खजिन्याचा आधार असे; या संग्रहाच्या पाठीशी होती दुकानाची मिळकत आणि घरधनिणीचे मन.

केळकरांचा जन्म १८९६ सालचा. रसिक मंडळी त्यांना ‘अज्ञातवासी’ या नावाने कवी म्हणून ओळखीत. कवी, व्यापारी आणि संग्राहक या तीन वृत्ती एका देहात नांदणे कठीण. पण त्यांच्या ठायी त्या एकमेकींच्या उपयोगी पडल्या. व्यापाराने पैसा दिला आणि माणसांशी बोलण्याची हातोटी दिली. कवित्वाने नजर दिली. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला, तो पुढे सुमारे सत्तर वर्षे सुटला नाही.

त्या काळी जुन्या वस्तूला बाजारात किंमत होती ती वजनावर. वाड्यातली समई मोडीत जायची ती पितळेच्या भावाने, आणि कोरीव दाराची चौकट जायची जळणाच्या भावाने. पेशवाई बुडून शंभर वर्षे होऊन गेली होती. सरदारांची घरे विभागणीने आणि कर्जाने खिळखिळी झाली होती. नव्या पिढीला काचेचे कंदील आणि लोखंडी खुर्च्या हव्या होत्या. माळ्यावरची अडगळ कमी झाली तर घरच्यांना बरेच वाटे. अशा वेळी तांबटाच्या भट्टीच्या आधी एक गृहस्थ दारात येऊन उभा राहू लागला, आणि तीच अडगळ आदराने मागू लागला.

केळकरांनी जमविले ते काय, हे पाहिले म्हणजे त्यांच्या नजरेचे वेगळेपण कळते. सोन्यारुप्याच्या मागे ते लागले नाहीत. रोजच्या हाताळण्यात जे झिजते, ते त्यांनी उचलले. समया, लामणदिवे, दीपलक्ष्मी, नाना आकारांचे अडकित्ते, विंचवाच्या घडणीचे कुलूप, दौती, हुक्के, करंडे, फण्या, स्वयंपाकघरातली भांडी, स्नानाच्या वेळी टाच घासायची वज्री, आणि तिच्यावरही कोणा कारागिराने बसविलेला पक्षी! टाच घासण्याच्या वस्तूवर ज्याने पाखरू घडविले, त्याचे नाव कोठेच नोंदलेले नाही. अशा निनावी कारागिरांसाठी हा संग्रह म्हणजे एक स्मारकच झाले.

या कामी पत्नी कमलाबाईंचा वाटा मोठा आहे. बायकांच्या वापरातील वस्तूंची पारख बाईच्या डोळ्यांनाच अधिक. शिवाय माजघरापर्यंत परक्या पुरुषाला मज्जाव असे. बाईमाणसाला तेथे पाट मांडला जाई. घरात येणारा पैसा पितळेत आणि लाकडात जात असताना संसार चालविणे हे काय असते, ते ज्या गृहिणींनी नादिष्ट नवऱ्यांबरोबर दिवस काढले त्यांनाच विचारावे. आम्हां गाण्याबजावण्याच्या घरांतून वाढलेल्यांना ते सांगावे लागत नाही. पुत्रशोक दोघांचाही होता, आणि त्या शोकाला दोघांनी मिळून हे एक काम लावून दिले.

केळकरांची भ्रमंती पुण्यापुरती राहिली नाही. गुजरात, राजस्थान आणि दक्षिणेकडील प्रांत त्यांनी पालथे घातले. पुण्याजवळच्या कोथरूडला मस्तानीसाठी पहिल्या बाजीरावाने उभारलेल्या महालाचे अवशेष त्यांनी हलविले आणि आपल्या संग्रहात पुन्हा जोडून उभे केले. बाजीराव आणि मस्तानी दोघेही १७४० साली गेली. त्यांच्या प्रेमावर नाटके, कादंबऱ्या पुष्कळ झाल्या. परंतु त्या महालाचे खांब आणि छत हाताशी पाहावयास मिळते ते चष्म्याच्या एका दुकानदारामुळे.

वाद्यांचे दालन हा प्रस्तुत लेखकाच्या जिव्हाळ्याचा विषय. तंतुवाद्ये, तालवाद्ये आणि फुंकून वाजवायची वाद्ये, तिन्ही प्रकार तेथे आहेत. वाद्याचे मरण भांड्याहून लवकर येते. तंबोऱ्याचा भोपळा हा मुळात वेलावर धरलेले फळ. पंढरपूरकडच्या शेतांतून तो मिरजेला जातो आणि तेथे त्याला सूर मिळतो. तोच तंबोरा गवई गेल्यावर खोळीत पडून राहतो, भोपळ्याला चीर जाते, खुंट्या मुलांच्या खेळण्यात जातात. दरबारे बुडाल्यानंतर अशी किती वाद्ये नाहीशी झाली, त्याची गणती नाही. संग्रहालयात वाद्य वाजत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण त्याचे माप, लाकूड, घोडीची बैठक शाबूत राहते. आणि ते पाहून नव्या कारागिराला पुन्हा घडविता येते.

आणखी एक आक्षेप सभ्यपणे घेतला जातो. गरजू घराण्यांतून वस्तू विकत घेणे म्हणजे त्यांच्या अडचणीचा फायदा नव्हे काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर केळकरांच्या शेवटच्या कृतीत सापडते. १९६२ साली त्यांनी आपला संग्रह लोकांसाठी वस्तुसंग्रहालय म्हणून मांडला, आणि १९७५ साली तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. परदेशी गिऱ्हाइकांकडून पैसा करता आला असता. तो त्यांनी केला नाही. १९९० साली, चौऱ्याण्णव वर्षांचे होऊन, ते गेले. सुमारे २०,००० वस्तू मागे राहिल्या. जागा अपुरी असल्यामुळे त्यांपैकी थोड्याच एका वेळी मांडता येतात.

या चरित्राची आठवण आज मुद्दाम काढावीशी वाटते ती आपल्या पांढुर्णा-सौंसरकडील घरांसाठी. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलातला. १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली, हा भाग मध्य प्रदेशात राहिला, पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला; पण घरातली भाषा, पोळा आणि देवघर बदलले नाही. जुनी घरे मात्र बदलत आहेत. सागवानी खांबांच्या जागी सिमेंटचे आले. तक्तपोशी, कड्यांचा झोपाळा, दिंडी दरवाजा भंगारवाल्याच्या गाडीवर चढताना दिसतात.

सर्वांनी संग्रहालय काढावे असे नाही. परंतु नवे घर बांधताना जुनी चौकट तशीच बसविता येते. गळके घंगाळ अंगणात ठेवून त्यात मोगरा लावता येतो. जाते उलटे घालून त्यावर तुळशीची कुंडी मांडता येते. परसात एक पारिजातक, एक सोनचाफा आणि दोन संत्र्याची झाडे असली की त्या घराला जी शोभा येते, ती दुकानातून आणलेल्या सामानाने येत नाही. संत्र्याच्या मुलखात हे सांगायला नको की, डोळा भरतात तेव्हा खुंट एका झाडाचा असतो आणि डोळा दुसऱ्याचा. तरी फळ गोड येते. जुन्या वस्तूचेही तसेच आहे. तिला नव्या घरात जागा मिळाली की ती पुन्हा धरते.

एवढे करताना एक गोष्ट जरूर पाळावी. वस्तू कोणाच्या घरची, कोणी वापरली, तिला त्या घरात काय म्हणत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत टिपून ठेवावे. पितळ शंभर वर्षे टिकते, पण त्याची हकीकत आजी गेली की जाते. केळकरांनी मुलाचे नाव वस्तूंना दिले, म्हणून ते नाव राहिले. आपल्या माळ्यावरच्या समईलाही कोणाचे तरी नाव असेल. ते विचारायला अजून वेळ आहे.