मंगळाची हवा ओळखायची युक्ती आणि पुण्याचे नायगमवाला

जानेवारीच्या रात्री तिसगावात गच्चीवर जा. मृग नक्षत्रातल्या ओळीने असलेल्या तीन चांदण्या सहज सापडतील. त्यांच्या दक्षिणेला एक पुसट ठिपका दिसतो. मोबाईल नाइट मोडवर ठेवून फोटो काढला, तर तो धुरकट येतो. तो तारा नाही, वायूचा प्रचंड ढग आहे. या ढगात काय आहे, यावर सव्वाशे वर्षांपूर्वी मोठा वाद झाला होता आणि त्यात पुण्यातल्या एका प्राध्यापकाने भाग घेतला होता.

कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा जन्म 1857 चा, मुंबईतला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, तिथेच शिकवू लागले. भावनगरच्या महाराजांनी 5,000 रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. त्यातून पुण्याच्या सायन्स कॉलेजात 1888 मध्ये वेधशाळा सुरू झाली. तिथली 20 इंची दुर्बीण तेव्हा देशात सगळ्यात मोठी होती.

त्यांचं खरं हत्यार मात्र वर्णपटमापक, म्हणजे स्पेक्ट्रोस्कोप. प्रकाश बारीक फटीतून आणि लोलकातून गेला की रंग सुटे होतात आणि त्यात रेषा दिसतात. प्रत्येक वायूच्या रेषा ठरलेल्या जागी येतात, अगदी बोटांच्या ठशांसारख्या.

मृगातल्या ढगाची मुख्य हिरवी रेषा मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा भाग आहे, असं नॉर्मन लॉकियर मानत. हेलियमच्या शोधाशी जोडलेलं हे त्या काळचं मोठं नाव. पट्टा असता तर रेषेची एक कड धूसर दिसली असती. नायगमवालांनी 1891 च्या सुमारास पाहिलं, तर रेषा रेखीव होती. समोर लॉकियर असूनही त्यांनी जे दिसलं तेच छापलं.

22 जानेवारी 1898 ला खग्रास सूर्यग्रहण होतं. नायगमवाला उपकरणं घेऊन जेऊरला गेले. नगरजवळचं जेऊर नव्हे, करमाळा तालुक्यातलं. सूर्य पूर्ण झाकला जाणार होता जेमतेम दोन मिनिटं. तेवढ्यात त्यांना सूर्याच्या वातावरणाचे वर्णपट टिपायचे होते.

आज ग्रहाभोवती फिरणारी यानं हीच युक्ती वापरतात, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशात. टीव्हीचा रिमोट वापरतो तोच प्रकार. तापलेली जमीन इन्फ्रारेड किरणं वर सोडते आणि वाटेतला वायू त्यातली ठरावीक किरणं गिळतो. कार्बन डायऑक्साइड 15 मायक्रोमीटरच्या आसपासची गिळतो, म्हणून वर्णपटात तिथे खड्डा पडतो. त्या खड्ड्याच्या आकारावरून वायूची ओळख पटते आणि हवेचं तापमानही काढता येतं. 1971 मध्ये मरिनर 9 यानाने मंगळाभोवती फिरत हेच केलं. 2014 मध्ये मंगळाच्या कक्षेत गेलेल्या आपल्या मंगळयानावरही इन्फ्रारेड वर्णपटमापक होता.

1912 मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही बंद पडली. उपकरणं कोडाइकनालला गेली. काम पुढे चालवणारं पुण्यात कोणी उरलं नाही.

वादाचा निकाल 1927 मध्ये लागला. आयरा बोवेन यांनी दाखवलं, की ती हिरवी रेषा विरळ ढगातल्या ऑक्सिजनची आहे, मॅग्नेशियमची नाही. नायगमवाला तेव्हा हयात होते. 1938 मध्ये ते गेले.