श्रीरामपूरचे कारागीर : डॉ. विल्यम कॅरी

एखाद्या मिशनऱ्याचे चरित्र लिहिताना त्याचा विश्वास, त्याचे प्रवास व त्याची पुस्तके यांचे वर्णन पुष्कळ केले जाते. त्याच्या हातांनी पोटासाठी कोणते काम केले, हे मात्र एका ओळीत आटोपले जाते. डॉ. विल्यम कॅरी यांच्याबाबत असेच घडले आहे. ते आधी जोडे शिवीत असत एवढे सर्वांना ठाऊक असते, आणि तेवढे सांगून आपण घाईने पुढे जातो. या लेखात आम्ही तशी घाई करणार नाही.

याला कारण आहे. मान नदीकाठचे मनावर घ्या, धार घ्या की महाराष्ट्रातील एखादे बाजाराचे गाव घ्या. लोहार, सुतार, कोष्टी व जोडे शिवणारे यांच्यावाचून गावाचे चालत नाही. आमच्या मंडळ्यांतील कितीतरी घराणी अशाच धंद्यांतून पुढे आली. तरी शिकलेल्या मुलाला आजोबांचा धंदा चारचौघांत सांगायचा संकोच वाटतो. त्या मुलापुढे ठेवण्यासाठी कॅरींचे जीवन फार उपयोगी आहे.

विल्यम कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील नॉर्दम्प्टन परगण्यात पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील एडमंड हे विणकर; पुढे ते गावचे शाळामास्तर झाले. मुलाच्या कातडीला ऊन सोसत नसे, म्हणून शेतकाम सुटले आणि सुमारे चौदाव्या वर्षी त्याला जोडे करणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. तेथे एका पुस्तकात ग्रीक अक्षरे दिसली व ती वाचण्याची ओढ लागली. चामडे कापावे, टाके घालावे आणि मधल्या वेळेत भाषा शिकावी, असा क्रम सुरू झाला. १७८१ साली डॉरथी प्लॅकेट हिच्याशी त्यांचे लग्न झाले. विवाहाच्या नोंदवहीत तिला आपली सही करता आली नव्हती. १७८३ साली नेन नदीत कॅरींचा बाप्तिस्मा झाला.

पुढे मोल्टन गावी ते पाळक व शिक्षक झाले. पण दोन्ही कामांवर कुटुंब चालेना, म्हणून जोडे शिवणे सुटले नाही. त्यांनी कागद एकमेकांस चिकटवून जगाचा एक मोठा नकाशा हाताने तयार केला व भिंतीवर लावला. प्रत्येक देशाची लोकसंख्या व तेथील धर्म यांची टिपणे ते त्यावर करीत. आरीने जोडा शिवणाऱ्या या माणसाची नजर त्या भिंतीवर जाई. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे काही पाळकांनी मिळून परदेशी सुवार्तेसाठी संस्था स्थापिली. त्या दिवशी कबूल केलेली वर्गणी तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्स इतकीच होती.

११ नोव्हेंबर १७९३ रोजी कॅरी सहकुटुंब कलकत्त्यास पोहोचले. सोबत डॉ. जॉन थॉमस हे शस्त्रवैद्य होते. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. आणलेला पैसा लवकर संपला. अखेर १७९४ साली उत्तर बंगालमध्ये मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून त्यांना नोकरी मिळाली. सरकारी परवान्यात त्यांची ओळख मिशनरी अशी नव्हती, ती निळीच्या धंद्यातला माणूस अशी होती. या धंद्याने पुढे बंगालच्या रयतेला किती छळले, हे १८५९ सालच्या निळीच्या उठावाने जगाला दाखविले, आणि ते झाकण्याचे कारण नाही. कॅरी मात्र मजुरांत राहिले, त्यांची बोली शिकले, त्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढली. याच ठिकाणी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. डॉरथीबाईंचे मन खचले, ते पुन्हा कधी सावरले नाही.

१० जानेवारी १८०० रोजी कॅरी हुगळी नदीवरील श्रीरामपूर येथे आले. आपल्या महाराष्ट्रातील श्रीरामपूर ते हे नव्हे. हे बंगालमधील गाव, त्या वेळी डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात होते. डेन लोकांनी १७५५ साली तेथे वखार घातली व गावाला आपल्या राजावरून फ्रेडरिकनगर असे नाव दिले. गाव लहान, पण वस्ती नाना प्रकारची. युरोपातील व्यापारी व अधिकारी, जहाजांवर माल चढविणारे, कापडाचे दलाल, बंगाली विणकर, सुतार, लोहार असे सर्व तेथे होते. कलकत्त्याचे कर्जबाजारी साहेबही सावकार चुकवून तेथे येऊन राहत. डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी मिशनऱ्यांना आसरा दिला, आणि इंग्रजी मुलखात जे जमले नाही ते येथे जमले.

या गावात कॅरी, मार्शमन व वॉर्ड या तिघांनी एकत्र कुटुंब थाटले. तिघांचे मूळ पाहा. कॅरी जोडे शिवणारे. जोशुआ मार्शमन विणकराचे पुत्र व स्वतः मागावर बसलेले. पुढे ते शिक्षक झाले. विल्यम वॉर्ड हे छापखान्यात काम शिकलेले मुद्रक. हॅना मार्शमन बाईंनी मुलांची निवासी शाळा चालविली व तिच्या उत्पन्नावर मिशनचा मोठा खर्च भागला. सर्वांची कमाई एका थैलीत जाई आणि गरजेपुरते प्रत्येकास मिळे. १८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरी बंगालीचे शिक्षक झाले. दरमहा पाचशे रुपये हा पगार त्या काळी मोठा, पण तोही मुख्यतः त्याच थैलीत गेला.

त्यांच्याबरोबर आपले देशबांधवही होते आणि त्यांची नावे मुलांना सांगितलीच पाहिजेत. पंचानन कर्मकार हे लोहार घराण्यातले. पोलादावर अक्षर कोरून छपाईचे ठसे करण्याची विद्या त्यांच्या हातात होती. त्यांनी ती आपले जावई मनोहर यांस शिकविली. २८ डिसेंबर १८०० रोजी ज्यांचा हुगळीत बाप्तिस्मा झाला ते कृष्ण पाल हे सुतार होते. त्यांचा निखळलेला हात डॉ. थॉमस यांनी बसविला, त्यातून ओळख झाली होती.

मराठीचे काम याच गावी सुरू झाले. कॉलेजात मराठी शिकविण्याचे कामही कॅरींकडे आले आणि वैजनाथ पंडित यांच्या साहाय्याने त्यांनी भाषेचा अभ्यास केला. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण निघाले. त्याच साली मत्तयाचे शुभवर्तमान देवनागरी अक्षरांत छापून झाले. मराठीच्या अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते. १८१० साली मोडी अक्षरांत मराठी कोश व १८११ साली मोडीतच नवा करार बाहेर पडला. माळव्यातील वाचकांस हेही ठाऊक असावे की, १८२६ साली श्रीरामपुराहून उज्जैनी बोलीतही नवा करार निघाला. या भाषांतरांत उणिवा होत्या. महाराष्ट्रापासून इतक्या दूर बसून केलेली मराठी इकडच्या लोकांस अवघड वाटे, म्हणून मुंबईच्या अमेरिकन मिशनने नवे भाषांतर हाती घेतले. पण पहिली वाट पाडणाऱ्याचे ऋण त्यामुळे कमी होत नाही.

११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागली. कागद, ठसे व हस्तलिखिते जळाली. अनेक भाषांच्या कोशासाठी कॅरींनी वर्षानुवर्षे केलेले काम राख झाले. छापण्याची यंत्रे तेवढी वाचली. कारागिरांनी वितळलेले शिसे राखेतून वेचले व पुन्हा अक्षरे ओतण्यास बसले. थोड्याच महिन्यांत छपाई सुरू झाली. कागदाला वाळवी लागत असे, म्हणून वाळवी न लागणारा कागदही तेथेच तयार करण्यात आला. १८२० साली कागदाच्या गिरणीसाठी विलायतेहून वाफेचे इंजिन आले.

१८१८ साली श्रीरामपूर कॉलेज निघाले आणि १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने त्यास पदव्या देण्याची सनद दिली. १८२९ साली सतीबंदीचा कायदा झाला, तेव्हा त्याचे बंगाली भाषांतर कॅरींनी केले. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरातच त्यांनी देह ठेवला.

कॅरींच्या कामाची किंमत घरातील माणसांनीही भरली, हे आपण विसरू नये. डॉरथीबाई १८०७ साली वारल्या. आपल्या इच्छेविरुद्ध दूर देशी आलेल्या त्या माउलीचे दुःख त्यांच्या पतीच्या कीर्तीखाली दडपणे न्यायाचे नाही.

कॅरींविषयी एक गोष्ट परंपरेने सांगतात. एका मोठ्या सरकारी मेजवानीत कोणा लष्करी अधिकाऱ्याने, हे गृहस्थ पूर्वी जोडे बनवीत ना, अशी हळूच चौकशी केली. कॅरींच्या कानी ते पडले. त्यांनी शांतपणे उत्तर दिले की, आपण जोडे बनविणारेसुद्धा नव्हतो, फाटके जोडे दुरुस्त करणारे होतो. ज्या माणसाला अनेक भाषा येत होत्या त्याला आपली आरी लपवावीशी वाटली नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस आमची विनंती आहे की, हा धडा शिकविताना वर्गातील प्रत्येक मुलाला त्याच्या आजोबा-आजींचा धंदा विचारावा व तो आदराने फळ्यावर लिहावा. त्याच फळ्यावर जोडे शिवणारे कॅरी, विणकर मार्शमन, मुद्रक वॉर्ड, लोहार पंचानन व सुतार कृष्ण पाल यांचीही नावे लिहावी. नासरेथचे सुतारकामाचे दुकान व पौलाचे तंबू करण्याचे काम मुलांना ठाऊक आहेच. फळ्यावरच्या यादीत आपल्या घरचे नाव कोठे बसते, हे मग मुलांचे त्यांनाच कळेल.