स्वदेशाला पारखा झालेला क्रांतिकारक

परागंदा झालेल्या राजकारणी पुरुषाच्या मनात त्याचा देश बहुधा त्याने सोडला त्या दिवसापाशीच थांबून राहतो. फिनलंडचा समाजवादी नेता ओटो विले कूसिनेन याचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे.

१८८१ साली एका शिंप्याच्या घरी जन्मलेला कूसिनेन हेलसिंकीला शिकला, १९०८ मध्ये संसदेत गेला आणि १९११ ते १९१७ सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा अध्यक्ष होता. १९१८ च्या यादवीत लाल सरकारचे शिक्षणखाते त्याच्याकडे होते. लाल पक्षाचा पाडाव झाला, हजारो कैदी छावण्यांत उपासमारीने व रोगराईने मेले. कूसिनेन रशियात गेला. त्याच वर्षी मॉस्कोत स्थापन झालेल्या फिनिश कम्युनिस्ट पक्षाच्या संस्थापकांत तो होता.

पुढे कॉमिन्टर्नमध्ये त्याचे वजन वाढले. १९२८ च्या सहाव्या अधिवेशनात वसाहतींविषयीचा अहवाल त्यानेच मांडला. तेथे ठरलेल्या धोरणामुळे हिंदी कम्युनिस्ट राष्ट्रीय सभेपासून दुरावले व १९३० च्या कायदेभंगात एकाकी पडले.

स्टालिनच्या दमनसत्रात मानेर, ग्युलिंग हे त्याचे १९१८ चे सहकारी बळी पडले. पत्नी आयनो आणि मुलगा एसा यांनाही अटक झाली. कूसिनेन मात्र पदावर राहिला. या मौनाची किंमत इतरांनी मोजली, हे विसरता येत नाही.

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा फिनलंडमध्ये घुसल्या आणि दुसऱ्याच दिवशी सीमेलगतच्या तेरियोकी गावी त्याच्या 'जनसरकारा'ची घोषणा झाली. कामगार स्वागतास येतील, ही अटकळ होती. परंतु मधल्या काळात कुळांना जमिनी मिळाल्या होत्या आणि १९३७ पासून सोशल डेमोक्रॅट सत्तेत सहभागी होते. १९१८ मध्ये पराभूत झालेल्यांची मुलेही देशरक्षणासाठी लढली. मार्च १९४० चा तह मॉस्कोला हेलसिंकीच्याच सरकारशी करावा लागला; जनसरकार गुंडाळले गेले.

यानंतर कूसिनेनला मानमरातबाची वाण पडली नाही. १९५७ मध्ये तो सोव्हिएत पक्षाच्या सर्वोच्च मंडळात पोहोचला. १९६४ मध्ये मृत्यूनंतर क्रेमलिनच्या भिंतीत त्याला जागा मिळाली. त्याची कन्या हेर्टा मात्र फिनलंडला परतून तुरुंगवास सोसत राजकारण करीत राहिली आणि १९४५ पासून मतदारांनी तिला संसदेत धाडले. पित्याला परक्या फौजेच्या बळावर जे साधले नाही, ते कन्येला लोकांत राहून काही अंशी साधले. क्रांतीची भाषा बोलणाऱ्यांनी यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे.