अपुऱ्या अभ्यासाची पूर्तता

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठविलेली पुस्तकेही समुद्रात बुडाली. अभ्यास पुरा करण्यास विद्यापीठाने चार वर्षांची मुदत दिली होती. बाबासाहेबांनी ती ध्यानात ठेवली. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या वेतनातून त्यांनी काटकसरीने पैसे साठविले. शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज यांची भर घालून १९२० मध्ये त्यांनी पुन्हा लंडन गाठले. १९२१ मध्ये ते एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला, तेव्हा मुंबईहून तो सुधारून पाठविला आणि १९२३ मध्ये पदवी संपादन केली. बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवरून वसतिगृहात आलेल्या आम्हांपैकी अनेकांचे शिक्षण मध्येच थांबले. त्या प्रत्येकाने आपली मुदत आज स्वतःच ठरवावी, अशी आमची नम्र विनंती आहे.