दूरदेशीची मैत्री जपणारे डॉ. सालिम अली



कॉलेजच्या निरोप समारंभात आपण एकमेकांना कधीही न विसरण्याचे वचन देतो. मग कोणी पुण्याला जातो, कोणी दुबईला, कोणी मस्कतला. पहिल्या ईदला सर्वांची आठवण होते, दुसऱ्या ईदला निम्म्यांची. पुढे नावे तेवढी उरतात. ही गोष्ट तुम्हाला किरकोळ वाटत असेल, तर आपल्या मुंबईच्या एका थोर सुपुत्राचे चरित्र ऐका.

मरहूम डॉ. सालिम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे होताच आईचेही छत्र हरपले. मामू अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना खेतवाडीतील घरी वाढवले.

अभ्यासात ते हुशार गणले जात नसत. 1913 साली ते मॅट्रिक कसेबसे पास झाले. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात भावाच्या धंद्यावर गेले. परत आल्यावर त्यांनी व्यापारी शिक्षण घेतले, सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्राचा अभ्यासही केला. परंतु विद्यापीठाची पदवी काही हाती आली नाही. पक्ष्यांचे वेड मात्र लहानपणापासून होते. 1926 साली त्यांना प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली. तेथून अभ्यासाची रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात प्रोफेसर एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली त्यांनी पक्षिशास्त्राचे धडे घेतले. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याची विद्या शिकले. त्यांचे खरे कॉलेज हेच, असे म्हटले तरी चालेल. श्ट्रेझेमान यांना ते जन्मभर आपले गुरू मानत आले.

1930 साली मायदेशी परतले, तो म्युझियममधील जागाच पैशाअभावी रद्द झालेली! पदवी नाही, नोकरी नाही, घरी पत्नी तहमीना. मित्रांनो, अशा वेळी माणूस काय करतो? लाजेने तोंड लपवतो, ओळखीच्या माणसांना टाळतो. आपली बरीच मैत्री नेमकी येथेच तुटते. सालिम अलींनी तसे केले नाही. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, किहीम गावी ते राहायला गेले. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत महिनोन्‌महिने न्याहाळली. नर अनेक घरटी विणतो आणि मादी त्यांतून पसंत करते, हे बारकाईने टिपले आणि 1931 साली तो अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला. जगातल्या जाणकारांना कळवण्यासारखे काही तरी त्यांच्याजवळ होते. आपल्या कामाची हकीकत हाच त्यांचा कुशलप्रश्न होता.

मग 1939 साल आले. त्याच वर्षी तहमीनाबेगम अल्लाला प्यारी झाली आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. हिंदुस्थान इंग्रजांच्या अमलाखाली, बर्लिन शत्रूची राजधानी. टपालाचे मार्ग बंद पडले. 1945 साली बर्लिनच्या त्या संग्रहालयावरही बाँब पडले. पुढे 1961 मध्ये शहराच्या मधोमध भिंत उभी राहिली. तरी गुरुशिष्यांचा स्नेह आटला नाही. 1972 साली श्ट्रेझेमान वारले, तोवर तो टिकला.

1950 साली स्वीडनमधील उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्रेपन्न वर्षांच्या सालिम अलींनी आपली सनबीम मोटारसायकल बोटीत चढवली आणि युरोपभर ती चालवीत परिषदेला पोहोचले. जर्मनीच्या दगडी रस्त्यांवर ते अनेकदा पडलेही! हा गडी थेट हिंदुस्थानातून मोटारसायकलवर आला, अशी तेथे आवई उठली.

महायुद्धाच्या काळात त्यांना अमेरिकेचे डिलन रिप्ले आणि मलायाचे लोक वान थो हे दोस्त मिळाले. पुढे एकजण वॉशिंग्टनला, एकजण सिंगापूरला आणि सालिम अली वांद्र्याच्या पाली हिलवर. लोक वान थो यांनी त्यांच्या अनेक मोहिमांना हातभार लावला. 1964 साली ते विमान अपघातात गेले. रिप्ले यांच्या जोडीने भारत आणि पाकिस्तानच्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ 1968 ते 1974 या काळात प्रसिद्ध झाला. दोन लेखकांमध्ये अर्धी पृथ्वी होती, हे ध्यानात घ्या. दोघांना बांधून ठेवणारे एक काम होते, म्हणून संबंध सैल पडला नाही.

हेल्गोलँडला शिकलेली विद्याही कामी आली. सुमारे 1960 पासून सोसायटीने हजारो पक्ष्यांच्या पायात कडी घातली. प्रत्येक कड्यावर क्रमांक आणि सोसायटीचे नाव. दूर रशियात कोणाला तो पक्षी सापडला, की तो मुंबईला कळवी. पक्षी कोठून येतो, कोठे जातो, हे अशाने उमगले. एका अनोळखी माणसाने चार ओळी लिहिण्याची तसदी घेतली, म्हणून शास्त्र पुढे गेले.

पदवी नसलेल्या या माणसाला विद्यापीठांनी मानद डॉक्टरेट दिली. 1976 साली पद्मविभूषण आणि 1985 साली राज्यसभेचे सदस्यत्व लाभले. 1987 साली ते मुंबईतच पैगंबरवासी झाले.

अंधेरी, घाटकोपर, मुलुंडच्या माझ्या तरुण वाचकांनो, तुमच्या खिशातल्या फोनवरून निरोप क्षणात सातासमुद्रापार जातो. तरी जुना मित्र दुरावतो, कारण बोलायला विषय उरत नाही. तेव्हा नुसते शुभेच्छांचे चित्र पाठवू नका. काय शिकलात, काय अडले, ते लिहा. त्याच्या कामाची विचारपूस करा. नोकरी गेली असेल तर तेही सांगा. संकोचाने गप्प बसू नका. आणि पालकहो, मुलाने दूरच्या सोबत्यासाठी घटकाभर वेळ दिला तर तो वाया गेला असे समजू नका. पुढे अडचणीच्या दिवशी कदाचित तोच सोबती त्याच्या पाठीशी उभा राहील.