प्लेगच्या साथीतील सावित्रीमाई

दर ३ जानेवारीला आपल्या वस्तीत सावित्रीमाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो. मुलींची शाळा, अंगावर झेललेले शेण हे आपल्या लेकरांनाही पाठ आहे. पण माई गेल्या कशा, असं विचारलं तर पुष्कळजण गप्प होतात. म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

माईंचा जन्म १८३१ सालचा, सातारा जिल्ह्यातील नायगावचा. १८४० साली जोतीरावांशी लग्न झाले. १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. १८६३ साली फुले पती-पत्नींनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवा तिथे गुपचूप येऊन बाळंत होत. त्यांचं सगळं माई पाहात. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला, शिकवून डॉक्टर केला. १८७६-७७ च्या दुष्काळात अन्नछत्रे चालवली. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले, तरी माईंनी सत्यशोधक समाजाचे काम थांबवले नाही.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. गिरणी कामगार बायकापोरांसह गावाकडे पळाले. पुढे प्लेग पुण्यात शिरला. सरकारी इस्पितळाच्या धाकाने लोक रोगी घरात लपवू लागले. तेव्हा डॉ. यशवंतरावांनी गावाबाहेर, हडपसरजवळ ससाणे मळ्यात मोकळ्या जागी दवाखाना उघडला. माईंचं वय तेव्हा सहासष्ट. त्या स्वतः जाऊन रोगी आणीत. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा प्लेगने पडला होता. माईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणला. ह्याच सेवेत माईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. यशवंतरावही रोग्यांची सेवा करता करता १९०५ साली प्लेगनेच गेले. आई गेली, मुलगाही गेला.

आता नीट विचार करा. प्लेगचा जंतू १८९४ सालीच सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसाला लागतो, हे सिमों नावाच्या डॉक्टराने दाखवून दिले १८९८ साली, माई गेल्यानंतर. हाफकिन साहेबांची लस मुंबईत तेव्हा नुकतीच तयार झाली होती. रोग्याच्या कपड्यातली पिसू चावूनही प्लेग होतो, आणि प्लेग फुप्फुसात गेला तर खोकल्यातूनही पसरतो. हे माईंना कोण सांगणार होतं?

आज मात्र हे माहीत नाही असं कुणाला म्हणता येणार नाही. तरी २०२० साली करोना आला तेव्हा काय झालं? युरोप-अमेरिकेत वृद्धाश्रमांतली म्हातारी माणसं हजारोंनी गेली. आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी परिचारिका, आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना सुरुवातीला पुरेसे मास्क आणि हातमोजे मिळत नव्हते. त्यांना फुलं दिली, त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या. थाळीने जंतू मरत नाही.

आम्ही गिरणीत तोंडाला फडकं बांधून काम केलेली माणसं. हजेरी बुडली की पगार कापला जातो, हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. आयाला ताप आला आणि रजा घेतली तर चूल पेटणार नाही, अशी अवस्था असेल तर ती ताप अंगावर काढून कामावर जाणारच. मग तिच्यामुळे खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही लागण होणार. म्हणजे कामगाराचा जीव आणि रोग्याचा जीव एकाच दोरीला बांधलेला आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरातल्या कित्येक लेकी-सुना अशा कामावर जातात. त्यांच्यासाठी मास्क, हातमोजे, साबण-पाणी, वेळेवर लस आणि आजारपणात भरपगारी रजा मागा. नव्या रोग्याला आधी वेगळ्या, हवेशीर खोलीत ठेवा म्हणावं. हे मागणं भित्रेपणाचं नाही. माईंनी दुसऱ्याचं लेकरू वाचवायला जीव दिला. आता सेवा करणाऱ्या कुठल्याच माईला जीव द्यावा लागू नये, एवढं आपण केलं तर तीच माईंना खरी आदरांजली होईल.