दंतवैद्य एडवर्ड अँगल

मुखातील सुळा हा मोठा हट्टी दात होय. वरचे सुळे बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षी, इतर बहुतेक दात आपापली जागा धरून बसल्यावर येतात. आणि क्वचित एखादा वाट चुकून टाळूच्या हाडातच अडकून राहतो. अशा दातास ओढून रांगेत बसविण्याची जी विद्या आहे, तिचे आद्य आचार्य डॉ. एडवर्ड अँगल यांचे चरित्र आम्ही वाचकांस थोडक्यात सांगतो.

अँगल यांचा जन्म १ जून १८५५ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात झाला. १८७८ साली फिलाडेल्फिया येथे ते दंतवैद्य झाले. वाकडे दात सरळ करण्याचे काम तेव्हा ज्याच्या त्याच्या अटकळीने चाले. अँगल यांनी १८९९ साली त्यास शिस्त लावली. वरची पहिली कायमची दाढ खालच्या दाढेशी कशी जुळते हे पाहून त्यांनी दातांच्या दोषांचे तीन वर्ग पाडले. ते आजही शिकविले जातात. पुढल्याच वर्षी सेंट लुई शहरी त्यांनी या एकाच विषयाची शाळा काढली.

निसर्गाने दिलेला एकही दात उपटू नये, सर्वांस जागा करून द्यावी, हा त्यांचा सिद्धांत. १९११ साली कॅल्विन केस यांनी भरसभेत त्याविरुद्ध बाजू मांडली. पण अँगल व त्यांचे शिष्य हटले नाहीत. विरोध त्यांस मुळीच खपत नसे; थोर पुरुषांचे असे दोष झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तथापि त्यांचे हात अखेरपर्यंत कामात होते. सत्तराव्या वर्षी, १९२५ साली, त्यांनी दातावर बसविण्याचा, खाच असलेला धातूचा एक चिमुकला तुकडा पुढे आणला. त्या खाचेत चौकोनी तार बसविली म्हणजे दाताचा माथाच नव्हे, तर मूळही हवे तिकडे वळविता येते. ११ ऑगस्ट १९३० रोजी ते निवर्तले.

त्यांचे निष्ठावंत शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी गुरूच्या मताप्रमाणे दात न काढता वर्षानुवर्षे उपचार केले. परंतु आपण सरळ केलेले दात पुन्हा बिघडलेले पाहून ते अस्वस्थ झाले. कित्येकांचे चार चार दात काढून त्यांनी ते काम नव्याने केले, आणि १९३६ साली हा अनुभव आपल्या व्यवसायबंधूंपुढे ठेवला. गुरूचे मत मोडले खरे, पण तार गुरूचीच!

अडकलेल्या सुळ्यासाठीही आज प्रथम एक दात गमवावा लागतो. दहाव्या वर्षाच्या सुमारास दंतवैद्य हिरडीवरून बोट फिरवून येणाऱ्या सुळ्याचा उंचवटा चाचपतो. तो न लागल्यास क्ष-किरणांनी चित्र घेतो. वेळीच दुधाचा सुळा काढला, तर दडलेला पुष्कळदा आपण होऊन वाटेवर येतो. न आल्यास हिरडी उघडून त्यावर बारीक साखळी चिकटवितात, आणि ती शेजारच्या दातांवरील तारेस बांधून, कित्येक महिने हळूहळू ओढीत, त्यास रांगेत आणतात.